लाकडी बाण धनुष्याला कसे जुळवायचे: पुण्यातल्या नवशिक्यांसाठी

"माझं धनुष्य चाळीस पाउंडाचं आहे, कुठले बाण घेऊ?"

पारंपरिक धनुर्विद्येकडे वळलेला जवळजवळ प्रत्येक नवा माणूस हे विचारतो, आणि एवढ्या माहितीवर उत्तर देता येत नाही. चाळीस हा ओढायला लागणाऱ्या ताकदीचा आकडा धनुष्यावर कुणीतरी लिहिलेला असतो. तुम्ही ते किती ओढता, तुमचा बाण किती लांब आहे, तो मुठीच्या किती बाहेरून जातो, टोकाला किती वजन आहे, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं. म्हणून या लेखात आधी मोजमाप आहे आणि खरेदी बरीच नंतर.

माझे पहिले बारा बाण मी स्वतः केले होते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जाऊन पातळ गोल दांडे मागितले. दुकानदाराने वर-खाली पाहून विचारलं, "साहेब, झाडूला हवेत का?" मी मान डोलावली, कारण बाण करायचेत म्हणालो असतो तर अर्धा तास गेला असता. टोकं लावली, पिसं चिकटवली आणि मोठ्या थाटात मारायला गेलो. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक मध्ये, एक टार्गेटच्या बाहेर. दोन महिने मी माझ्या रिलीजला, म्हणजे दोरी सोडण्याच्या पद्धतीला, दोष देत होतो. शेवटी एका जुन्या जाणकारांनी ते बाण हातात घेतले, एकेक वाकवून पाहिले आणि म्हणाले, "अरे, हा एक संच नाही. हे बारा वेगवेगळे बाण आहेत." मोजल्यावर सगळ्यात मऊ निघाला ३१ चा आणि सगळ्यात ताठ ५८ चा. हे आकडे कशाचे, ते पुढे येतंच.

बाण वाकतो, आणि वाकायलाच हवा

धनुष्य हातात धरून वरून पाहा. दोरी धनुष्याच्या बरोबर मध्यावर येते, पण बाण मुठीच्या बाजूला टेकलेला असतो. म्हणजे उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण नेम धरताना खरं तर थोडा डावीकडे रोखलेला असतो. दोरी सुटते तेव्हा ती मात्र सरळ मध्याकडे धावते. बोटांवरून घसरताना तिला आडवा हेलकावाही बसतो. मागून जोरात ढकललेला बाण मधून वाकतो, मुठीला वळसा घालून जातो, मग उलट्या बाजूला वाकतो, आणि असा सापासारखा दोन-चार वेळा लचकत सरळ होतो. यालाच आर्चर्स पॅरडॉक्स म्हणतात.

बाण गरजेपेक्षा ताठ असेल तर तो वळसा न घेता मुठीवर आपटून डावीकडे जातो. फार मऊ असेल तर जास्त वाकतो आणि उजवीकडे जातो. डावखुऱ्यांनी या लेखात डावं-उजवं सगळीकडे उलट करून वाचावं.

काडीच्या या ताठरपणाला धनुर्धर 'स्पाइन' म्हणतात. बाण जुळवणं म्हणजे मुख्यतः स्पाइन जुळवणं.

सातारच्या अदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक अजिंक्यपद जिंकलं. ते पाहून या खेळाकडे वळलेली बरीच मुलं-मुली आता भेटतात. फार छान गोष्ट आहे. पण ती स्पर्धा कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं लावलेल्या आधुनिक धनुष्याची. कंपाउंडमध्ये बाण जवळजवळ मध्यातूनच जातो आणि दोरी बोटांनी नाही, रिलीज नावाच्या उपकरणाने सोडतात. त्यामुळे आपला हा सगळा आडव्या लचकण्याचा घोळ तिथे नसल्यातच जमा असतो. तिथले कार्बन बाणांचे तक्ते पाहून लाकडी बाण निवडू नका. कार्बनच्या स्पाइनचे आकडे उलटे चालतात, आकडा लहान तेवढा बाण ताठ. लाकडात आकडा मोठा तेवढा बाण ताठ.

याउलट शालेय आणि राज्य पातळीवर जो इंडियन राउंड खेळला जातो, त्यात बांबूचं साधं धनुष्य आणि लाकडी किंवा बांबूचेच बाण असतात. पुण्यात अनेक मुलांची सुरुवात त्यावरच होते. त्या धनुष्याला बाण टेकायला कापलेली खाच नसते, बाण पूर्ण मुठीच्या बाहेरून जातो. म्हणजे वळसा सगळ्यात मोठा, आणि स्पाइनची चूक सगळ्यात जास्त तिथेच दिसते. आणि बाण मात्र तिथेच सगळ्यात बेफिकिरीने घेतले जातात.

पायरी १: तुम्ही किती ओढता ते मोजा

हे पहिल्या आठवड्यात करू नका. नवशिक्याचा ड्रॉ, म्हणजे दोरी ओढण्याचं अंतर, स्थिर नसतो. सुरुवातीला हात आखडलेला असतो, महिन्या-दीड महिन्यात खांदा मागे जायला लागतो आणि ड्रॉ इंच-दीड इंच सहज वाढतो. तोपर्यंत क्लबातले किंवा कुणाचे उसने, मुद्दाम लांब ठेवलेले बाण वापरा.

ओठाच्या कोपऱ्याशी तुमचं बोट रोज त्याच जागी यायला लागलं की एक लांब बाण लावून हलक्या धनुष्यावर पूर्ण ओढा. दुसऱ्या कुणाला तरी शेजारी उभं करून मुठीच्या पुढच्या कडेशी बाणावर पेन्सिलची खूण करायला सांगा. मग धनुष्य हळूच परत आणा. बाण सोडायचा नाही आणि बाणाशिवाय दोरी तर कधीच सोडायची नाही. रिकामी दोरी सोडली की सगळी ताकद धनुष्याच्या लाकडात जाते आणि चांगलं धनुष्य एका फटक्यात तडकू शकतं.

हे तीनदा करा. तिन्ही खुणा अर्ध्या इंचात आल्या तर ठीक, नाहीतर आणखी महिनाभर थांबा. नॉक म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाची खाच, जिच्यात दोरी बसते. तिच्या तळापासून खुणेपर्यंतचं अंतर हा तुमचा ड्रॉ. बाणाची लांबी त्याहून निदान एक इंच जास्त हवी, आणि ती नॉकच्या तळापासून फाळाच्या, म्हणजे पुढे बसवलेल्या टोकाच्या, मागच्या कडेपर्यंत मोजायची. मुलांसाठी दोन इंच जास्त ठेवा. आखूड बाण ओढता ओढता मुठीच्या मागे आला आणि तसाच सुटला तर तो थेट धरलेल्या हातात घुसतो. हे मी घाबरवण्यासाठी सांगत नाही, पण घाबरलात तरी चालेल.

पायरी २: त्या ड्रॉला धनुष्याची ताकद किती, ते मोजा

धनुष्यावर बहुतेक वेळा '४० @ २८' असं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे २८ इंच ओढल्यावर ४० पाउंड. तुम्ही २६ इंचच ओढत असाल तर तुमच्या बोटांवर ४० येतच नाहीत. साधारण दर इंचाला दोन ते तीन पाउंडांचा फरक पडतो. बांबूच्या हाताने केलेल्या धनुष्यांवर तर लिहिलेला आकडा म्हणजे करणाऱ्याचा अंदाज समजावा.

अंदाजापेक्षा मोजणं सोपं आहे. सामान तोलायचा आकड्याचा (हुकचा) डिजिटल काटा घ्या, तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन सहज मिळतो. आकडा दोरीच्या मध्यावर अडकवा, एकाने मूठ घट्ट धरायची, दुसऱ्याने काटा सावकाश ओढायचा. तुमच्या ड्रॉइतकी खूण केलेली काठी शेजारी धरली की कुठे थांबायचं ते कळतं. काट्यावर १७ किलो आले तर १७ गुणिले २.२, म्हणजे साडेसदतीस पाउंड. खुणेच्या पुढे ओढून "बघू किती जातं" असला प्रयोग नको.

पायरी ३: स्पाइनचा अंदाज बांधा

लाकडी बाणांचं स्पाइन मोजायची जुनी पद्धत अशी: काडी २६ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर आडवी ठेवायची, बरोबर मध्ये २ पाउंड वजन टांगायचं आणि ती किती इंच खाली वाकली ते पाहायचं. २६ ला त्या वाकण्याने भागलं की स्पाइन पाउंडात येतं. अर्धा इंच वाकली तर ५२. याचा अर्थ ती काडी साधारण ५२ पाउंडांच्या धनुष्याला जुळेल. पण हे 'साधारण' २८ इंच लांबीच्या आणि १२५ ग्रेन फाळाच्या बाणासाठी आहे. ग्रेन हे बाणवाल्यांचं वजनाचं माप, १ ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४ ग्रेन. तुमचा बाण तसा नसेल तर आकडा सरकवायचा.

बाण २८ इंचांपेक्षा लांब असेल तर दर इंचाला ५ पाउंड वाढवा, आखूड असेल तर ५ कमी करा. लांब काडी जास्त लचकते, म्हणून ती मुळात ताठ हवी. फाळ २५ ग्रेनने जड असेल तर ३ ते ५ पाउंड वाढवा, हलका असेल तर तेवढेच कमी करा. नवशिक्यांना हे उलटं वाटतं. जड फाळ पुढे अडून बसतो, मागून दोरी ढकलते, मध्ये काडी जास्त वाकते. झाडूच्या दांड्याचं टोक भिंतीला टेकवून मागून ढकलून पाहा, लगेच पटेल.

मग धनुष्याचा प्रकार. बाण टेकायची खाच मुठीच्या मध्यापर्यंत किंवा त्यापलीकडे कापलेली असेल, जशी आधुनिक लाकडी रिकर्व्हला (टोकं पुढे वळलेल्या धनुष्याला) असते, तर ५ ते १० पाउंड वाढवा. लाँगबोसारखी (लांब, साध्या धनुष्यासारखी) थोडीच खाच असेल तर आकडा तसाच ठेवा. खाचच नसेल, सरळ मुठीवरून बाण जात असेल, तर ५ ते १० कमी करा. दोरी जुन्या पद्धतीच्या डॅक्रॉनऐवजी न ताणणाऱ्या आधुनिक धाग्याची असेल तर आणखी ५ वाढवा, कारण ती बाणाला जास्त झटक्याने ढकलते. तुमचं धनुष्य अशी दोरी सोसणारं आहे का, ते मात्र आधी विचारून घ्या. जुन्या धनुष्यांची टोकं तिने चिरतात.

माझं उदाहरण घ्या. ड्रॉ २७ इंच, तिथे साडेसदतीस पाउंड, बाण २८ इंच, फाळ १२५ ग्रेन, लाँगबो, डॅक्रॉन. कुठेच काही वाढवायचं नाही, कमी करायचं नाही. मला ३५ ते ४० चे बाण हवेत. मी ते ३१ ते ५८ असे मारत होतो.

आता इंडियन राउंड शिकणारी एक मुलगी. ड्रॉ २६ इंच, तिथे ३० पाउंड, बाण सुरक्षेसाठी २८ इंचांचे, खाच नाही. तीसमधून ५ ते १० वजा केले की २० ते २५. एवढी मऊ काडी बाजारात हाताला सहज लागत नाही, म्हणून अशा मुलांच्या हातात हमखास ताठ बाण येतात, सगळे डावीकडे जातात, आणि सर ओरडतात, "हात हलतोय!" कधी कधी हात हलत नसतो.

पायरी ४: लाकूड

जगभर पारंपरिक बाणांसाठी सगळ्यात नावाजलेलं लाकूड म्हणजे अमेरिकेतल्या ओरेगॉनकडचं पोर्ट ऑरफर्ड सीडर. हलकं, सरळ रेषांचं, वाकून परत सरळ होणारं. त्याखालोखाल स्प्रूस, पाइन, डग्लस फर. स्पाइननुसार निवडलेल्या काड्या परदेशातून मागवता येतात, पण टपालखर्च आणि ड्युटी धरून पहिल्या संचाला तो खर्च करू नका. पहिला संच मोडायचाच असतो.

काड्या तीन जाडीत मिळतात: ५/१६, ११/३२ आणि २३/६४ इंच, म्हणजे सुमारे ७.९, ८.७ आणि ९.१ मिलिमीटर. ४० च्या आतल्या धनुष्यांना पहिल्या दोन पुरतात.

पुण्यात पाइन मिळतं, आणि गोल दांडे करून देणारेही आहेत. सागवान बघून मोहात पडू नका, बाणाला ते विनाकारण जड होतं. दांडा घेताना एकच गोष्ट डोळ्यात तेल घालून पाहा: लाकडाच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताहेत का. मशीनवर गोल केलेल्या दांड्यांमध्ये रेषा बऱ्याचदा तिरक्या जाऊन मध्येच बाजूने बाहेर पडतात. असा बाण सुटताना त्या तिरक्या रेषेवर फाटतो आणि त्याचा भाला होतो. पन्नास दांड्यांमधून मला एकदा अकराच कामाचे मिळाले. दुकानदार नाराज झाला, पण निवडून घेऊ दिले.

दुसरा रस्ता बुरुड आळीचा. बांबू बाणासाठी फार उत्तम आहे, चिवट आणि सहसा एकदम न मोडणारा. करंगळीपेक्षा बारीक, पेरं फार न फुगलेले, शक्यतो भरीव बांबू निवडा. हिरवट असतील तर सावलीत काही महिने सुकू द्या, नाहीतर केलेला बाण नंतर आक्रसतो. पेरांवरचा उंचवटा कानशीने उतरवायचा. बारीक टोक नॉककडे, जाड टोक फाळाकडे. बांबूत प्रत्येक काडीचं स्पाइन वेगळं येतं, त्यामुळे बारा बाणांसाठी तीस-पस्तीस काड्या घ्याव्या लागतात. उरलेल्या गॅलरीतल्या टोमॅटोला आधार म्हणून चालतात. माझ्या घरी त्याच कारणाने हा छंद सहन केला जातो.

वाकडी काडी लगेच फेकू नका. टेबलाच्या काचेवर घरंगळत सोडली की कुठे उडते ते दिसतं. तिथे हीट गनने किंवा वाफेवर गरम करून, हाताने उलट दिशेला थोडी जास्त दाबून थंड होईपर्यंत धरायची. बांबू याला फार छान ऐकतो.

पायरी ५: घरचा स्पाइन टेस्टर

हा भाग कुणी करत नाही आणि इथेच सगळं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एक सरळ फळी घ्या, तीन फुटांची. तीवर दोन खिळे किंवा बोल्ट असे ठोका की काडी त्यांच्यावर आडवी टेकेल. दोघांमधलं अंतर नेमकं ६६० मिलिमीटर, हेच ते २६ इंच. फळी भिंतीला उभी लावा. आता वजन: २ पाउंड म्हणजे ९०७ ग्रॅम. पाण्याची लिटरची बाटली घ्या, तिला दोरीचा फासा आणि वर एक छोटा आकडा लावा, आणि बाटली, दोरी, आकडा सगळं मिळून ९०७ ग्रॅम होईपर्यंत पाणी कमी-जास्त करा. स्वयंपाकघरातला काटा यासाठी पुरतो.

काडी खिळ्यांवर ठेवा. मध्यावर काडीच्या खालच्या कडेची उंची मोजा. बाटली हळूच टांगा, डुलायची थांबू द्या, पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक मिलिमीटरमध्ये घ्या आणि ६६० ला त्याने भागा. २२ मिमी म्हणजे ३० पाउंड. १६.५ म्हणजे ४०. १३.२ म्हणजे ५०. ४० च्या आसपास अर्ध्या मिलिमीटरलाही पाउंडभर फरक पडतो, म्हणून शाळेच्या पट्टीवर भागवू नका. व्हर्नियर वापरा. जुन्या बाजारात रविवारी हिंडलात आणि एखादा चालू डायल गेज मिळाला तर सोन्याहून पिवळं.

काडी कोणत्या अंगाने ठेवायची? टोकाकडून पाहिलं तर लाकडाच्या वार्षिक रेषा समांतर दिसतात. काडी एका अंगाने थोडी ताठ आणि दुसऱ्या अंगाने थोडी मऊ असते. बाणाची जी बाजू मुठीला घासून जाणार, त्या बाजूला रेषांच्या कडा याव्यात, म्हणजे समांतर सरळ रेघा दिसाव्यात. मोजतानाही तीच बाजू खाली. प्रत्येक काडीवर पेन्सिलने आकडा लिहा. शेवटी सगळ्या काड्या जमिनीवर आकड्यांच्या क्रमाने मांडल्या की पाच पाउंडांच्या आत बसणारा गट आपोआप दिसतो. तो तुमचा संच.

काडी हवी त्यापेक्षा ताठ निघाली तर घासून मऊ करता येते, पण बेताने. ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. ८.७ मिमीची काडी घासून ८.५ केली, म्हणजे दोन-दशांश मिलिमीटर काढले, तर स्पाइन नऊ टक्क्यांनी उतरतं, ४० चं साडेछत्तीस होतं. बारीक पॉलिश पेपर, दहा-बारा हात, पुन्हा मोजायचं. मी पहिल्यांदा टीव्ही बघत घासत बसलो आणि चाळीसच्या दोन काड्या अठ्ठावीसवर नेऊन ठेवल्या.

पायरी ६: वजन

एका संचातले बाण वजनातही जवळ हवेत. तयार बाणांमध्ये १५ ते २० ग्रेनपर्यंतचा फरक, म्हणजे सव्वा ग्रॅमपर्यंत, नवशिक्याला चालतो. सोनाराकडे असतो तसला खिशातला काटा घ्या.

पूर्ण बाण फार हलका नको. धनुष्याच्या दर पाउंडामागे निदान ८ ते १० ग्रेन धरा. ४० पाउंडांना ३२० ते ४०० ग्रेन, म्हणजे साधारण २१ ते २६ ग्रॅम. त्याहून हलका बाण म्हणजे धनुष्यासाठी जवळजवळ रिकामी दोरी सोडणं. लाकडी बाण बहुधा या मर्यादेच्या वरच असतात. जड बाण हळू जातो, पण धनुष्य शांत राहतं.

पायरी ७: नॉक, फाळ, पिसं, पॉलिश

नॉक लाकडातच कापायची असेल तर हॅकसॉची तीन पाती चिकटपट्टीने एकत्र बांधा आणि त्यांनीच खाच पाडा. दोरी बसेल एवढी रुंदी येते. खाच वार्षिक रेषांना काटकोनात पाहिजे, रेषांच्या दिशेने पाडली तर दोरी बाणाला मागून चिरते. काडीच्या वरच्या बाजूला रेषा कुठे टोकदार होऊन बाहेर पडत असतील तर ती टोकं फाळाकडे यावीत. बाण मोडलाच तर मागचा तुकडा वर उसळतो, हातात शिरत नाही. खाचेच्या खाली मजबूत दोरा घट्ट गुंडाळून त्यावर चिकटद्रव्य लावा. दोरीला लावलेला बाण लोंबकळत राहिला पाहिजे आणि दोरीवर टिचकी मारली की पडला पाहिजे. त्याहून घट्ट नको, सैल तर नकोच.

फाळ हॉट-मेल्ट गोंदाने बसवा, निदान चाचण्या होईपर्यंत. अराल्डाइट पक्कं असतं, पण लांबी कमी करायची वेळ आली की रडवतं. हॉट-मेल्टवाला फाळ मेणबत्तीवर जरा तापवला की सुटतो.

तीन पिसं, प्रत्येक चार ते पाच इंचांचं. टर्कीची तयार मिळतात. एका बाणावर सगळी डाव्या पंखाची किंवा सगळी उजव्या पंखाची, मिसळायची नाहीत. वेगळ्या रंगाचं पीस नॉकच्या खाचेला काटकोनात आणि धनुष्यापासून लांबच्या बाजूला. मोर, गिधाड, घुबड यांची पिसं कुणी दिली तरी नको म्हणा, हे पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात.

पॉलिश चपड्याचं किंवा लाकडाचं कुठलंही पारदर्शक चालेल, पातळ हात तीन-चार.

पायरी ८: बिनपिसांचा बाण

कागदावरचं सगळं गणित अंदाजच असतं. खरं उत्तर बिनपिसांचा बाण देतो, कारण पिसं चूक झाकतात.

संचातल्या दोन बाणांना पिसं लावू नका. पिसांच्या वजनाइतकी चिकटपट्टी मागे गुंडाळा. दहा मीटरवर मऊ टार्गेट ठेवा, कारण बिनपिसांचा लाकडी बाण तिरका घुसला तर सहज मोडतो. आधी पिसांचे तीन मारा, मग बिनपिसांचे दोन, आणि हे चार-पाच फेऱ्या करा. एका फेरीवरून निष्कर्ष काढू नका, तुमचाही हात हलत असतो.

बिनपिसांचे सतत पिसांच्या डावीकडे जात असतील तर बाण ताठ आहे. जड फाळ लावून पाहा किंवा काडी थोडी घासा. उजवीकडे जात असतील तर बाण मऊ आहे. मागून नाही, फाळाकडून अर्धा अर्धा इंच कापून पाहा, अर्थात तुमची सुरक्षित लांबी राखून. फाळ हलका करता येतो. किंवा मुठीच्या बाजूला, जिथे बाण घासतो तिथे, चामड्याचा एक जाडसर तुकडा चिकटवा. बाण थोडा बाहेर सरकला की तो जास्त ताठ असल्यासारखा वागतो. बाण मागून वर उचललेला घुसत असेल तर दोरीवरची नॉकची जागा थोडी खाली घ्या. हे डाव्या-उजव्याच्या आधी नीट करावं.

एक चकवा आहे. बाण खूपच मऊ असला तर तो इतका वाकतो की शेपटी मुठीवर आपटते आणि बाण डावीकडे उडतो. दिसतं ताठ, असतं मऊ. मारताना मुठीवर खट्ट आवाज येत असेल किंवा बाणाच्या मागच्या भागावर घासल्याच्या खुणा पडत असतील तर फाळ जड करण्याआधी एक ताठ बाण उसना घेऊन मारून पाहा.

कुठे मारायचं, आणि पावसाळा

वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी, नाही. पहाटे पाचपासून तिथे माणसं असतात आणि बाण झुडपाआड कोण आहे ते विचारत नाही. शहरात क्लब आहेत, शाळांच्या मैदानावर वर्ग चालतात, तिथल्या प्रशिक्षकांना विचारून जा. लाकडी बाण घेऊन गेलात की पहिले काही दिवस लोक कौतुकाने बघायला येतील. त्यांना हात लावू द्या, पण मारायला देऊ नका, कारण ते बाण त्यांच्या ड्रॉला जुळवलेले नाहीत.

प्रत्येक वेळी मारण्याआधी प्रत्येक बाण दोन्ही हातांनी धरून कानाजवळ हलका वाकवा, फिरवून पुन्हा वाकवा. कर्रर्र असा बारीक आवाज आला किंवा नखाला चीर लागली तर तो बाण तिथेच गुडघ्यावर मोडून टाका. नुसता बाजूला ठेवलात तर संध्याकाळी कुणीतरी उचलून लावतोच.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत लाकूड हवेतली ओल पितं, काडी मऊ आणि जड होते, वाकतेही. बाण भिंतीला तिरके टेकवून ठेवू नका. उभे टांगा किंवा सपाट ठेवा, आणि नॉकच्या खाचेत व फाळाच्या सांध्यावरही पॉलिश पोचलंय ना ते पाहा, ओल तिथूनच शिरते. बाटली आणि फळी कपाटावर असू द्या. मी गणपती झाले की सगळा संच पुन्हा मोजतो आणि जुन्या आकड्याशेजारी नवा लिहितो. मागच्या वर्षी बारातले नऊ जागेवर होते, दोन बाण तीन पाउंडांनी उतरले होते, आणि एकाला पेराजवळ चीर होती.